साक्षीदाराचें मौन

"पंचांनीं दिलें नाहीं, तेथें आपण कशाला तोंड उघडावें?" हें वाक्य अलीकडे इतक्या वेळां आणि इतक्या प्रतिष्ठित माणसांच्या तोंडून ऐकूं येऊं लागलें आहे कीं, तें एखाद्या धर्मशास्त्रांतील वचन असावें असा भोळ्या माणसाचा समज व्हावा. आमचे एक वकील स्नेही टेनिसचा सामना पाहतांना तें नेहमीं उच्चारतात. शेजारीं बसलेला त्यांचा बारा वर्षांचा मुलगा तें ऐकून मान डोलावतो. पुढें एके दिवशीं उत्तरपत्रिकेची बेरीज चुकून त्या मुलाला दोन गुण अधिक मिळाले, आणि "बाईंना सांगितलेंस का?" असें वडिलांनीं विचारतांच त्यानें तेंच वाक्य त्यांना ऐकविलें, तेव्हां मात्र आमच्या स्नेह्यांचा चेहरा गोरामोरा झाला. मुलानें तर्कांत कोठेंहि चूक केली नव्हती. चूक असलीच तर ती मूळ वाक्यांत आहे, आणि त्या वाक्याचाच समाचार या लेखांत घ्यावयाचा आहे.

ज्या सामन्यावरून आमच्या बैठकींत हा वाद पेटला, तो अमेरिकेंतील सिनसिनाटी येथें ऑगस्ट २०२४ मध्यें ब्रिटनचा जॅक ड्रेपर व कॅनडाचा फेलिक्स ओझे-आलियासीम यांच्यांत झाला. सामना संपविणारा गुण खेळला जात असतां ड्रेपर जाळ्याकडे धांवत आला. त्याच्या रॅकेटच्या कडेला लागलेला चेंडू आधीं त्याच्याच बाजूच्या जमिनीवर आपटला आणि मग उसळून जाळ्यापलीकडे गेला. असा फटका नियमानें बाद ठरतो. खुर्चीवरील पंचांना तें दिसलें नाहीं, व त्यांनीं तो गुण आणि त्या गुणाबरोबर सामनाहि ड्रेपरला बहाल केला. चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय तेथें नव्हती. ओझे-आलियासीमनें परोपरीनें सांगून पाहिलें. त्याचा उपयोग झाला नाहीं. आपलें लक्ष चेंडूकडे नव्हतें, नेमकें काय झालें तें आपल्याला दिसलें नाहीं, असें ड्रेपरनें सांगितलें. दुसऱ्याच्या अंतःकरणांत शिरून पाहण्याचा अधिकार मला नाहीं. म्हणून त्याचें म्हणणें मी जसेंच्या तसें स्वीकारतों. ज्याला ठाऊकच नाहीं, त्यानें काय सांगावें? माझें भांडण ड्रेपरशीं नाहीं. जे म्हणतात कीं, त्याला तें स्वच्छ दिसलें असतें तरीहि बोलण्याचें त्याला कांहीं कारण नव्हतें, त्यांच्याशीं माझें भांडण आहे.

वादांत शिरण्यापूर्वीं टेनिसच्या नियमांतील एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. पंचांपुढें येणारे बहुतेक प्रश्न दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार रेषेचा: चेंडू आंत पडला कीं बाहेर. हा प्रश्न उघड्या मैदानावरचा आहे. तो रेषापंचाला दिसतो, प्रेक्षकांना दिसतो, आणि हल्लीं यंत्रालाहि दिसतो. दुसरा प्रकार स्पर्शाचा. चेंडूचे दोन टप्पे पडल्यावर तो मारला. तो अंगाला किंवा कपड्याला लागला. जोडीदारानें मारण्यापूर्वीं तो आपल्या रॅकेटला चाटून गेला. चेंडू खेळांत असतांच आपलें अंग वा रॅकेट जाळ्याला लागली. यांपैकीं कांहींहि घडलें तर गुण गेला. अशा गोष्टी कधीं कधीं ढळढळीत असतात. पॅरिस येथें २०१३ च्या उपांत्य सामन्यांत नदालविरुद्ध पांचव्या सेटमध्यें ४-३ असा पुढें असलेला जोकोविच, चेंडू मोकळ्या जागेंत मारून, स्वतः तोल सांवरतां न आल्यामुळें जाळ्यावर गेला. पंचांनीं तें पाहिलें व गुण नदालला दिला. पुढें तो सेट व सामना ९-७ असा जोकोविचच्या हातून निसटला. पण चेंडूवरील लोंकरीचा रॅकेटच्या कडेला होणारा ओझरता स्पर्श उंच खुर्चीवर बसलेल्या माणसाला कसा कळावा? तो कळतो ज्याच्या हातांत रॅकेट असते त्याच्या तळहाताला. तेथें पंच आंधळा असतो, आणि खेळाडू मात्र डोळस असतो.

पंच हा न्यायाधीश आहे आणि खेळाडू हा पक्षकार आहे. पक्षकारानें न्यायाधीशाच्या आसनावर बसूं नये. येथवर आमच्या स्नेह्यांचें म्हणणें मला संपूर्ण मान्य आहे. पण ते एक गोष्ट सोयीस्करपणें विसरतात. स्पर्शाच्या बाबतींत तोच पक्षकार साक्षीदारहि असतो, आणि पुष्कळदां एकमेव साक्षीदार असतो. आपण न्यायाधीश नाहीं, एवढ्यानें निवाडा देण्याचा अधिकार जातो. साक्ष देण्याचें कर्तव्य जात नाहीं.

यावर आमच्या स्नेह्यांनीं आपल्या धंद्यांतलें शस्त्र बाहेर काढलें. भारतीय संविधानाच्या विसाव्या कलमान्वयें कोणाहि आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति करतां येत नाहीं, असें ते म्हणाले. कलम खरें आहे, पण तें येथें लागू नाहीं. राज्यसत्तेच्या दंडुक्यापासून आरोपीचें रक्षण व्हावें म्हणून ती तरतूद आहे. गप्प राहणें हा सद्गुण आहे असें तिनें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. आणि टेनिसचा सामना हा फौजदारी खटला नव्हे. त्याला उपमाच द्यावयाची तर दिवाणी दाव्याची द्यावी, कारण तेथें दोन समान पक्ष एकाच कायद्याखालीं समोरासमोर उभे असतात. आणि दिवाणी दाव्यांत प्रतिपक्षाच्या प्रश्नांना शपथेवर उत्तरें देण्याची पाळी पक्षकारावर येऊं शकते, हें वकिलांना मीं सांगावयास नको.

साक्ष देणें आणि निवाडा देणें यांतील हा भेद केवळ माझ्या कल्पनेंतला नाहीं. तो एका खेळाडूनें आपल्या आचरणानें १९३५ च्या उन्हाळ्यांत दोन वेळां दाखवून दिला आहे. विंबल्डनच्या उपांत्य सामन्यांत जर्मनीचा गॉटफ्रीड फॉन क्राम आणि अमेरिकेचा वीस वर्षांचा डॉन बज यांची गांठ पडली होती. रेषापंचाच्या एका चुकीच्या निर्णयाचा फायदा आपल्याला मिळाला असें बजला वाटलें, म्हणून त्यानें पुढचा गुण मुद्दाम घालविला व हिशेब बरोबर केला. सामना क्रामनें जिंकला. मग त्यानें बजला बाजूला घेतलें. शाबासकीची अपेक्षा करणाऱ्या त्या तरुणाला ऐकावें लागलें तें निराळेंच. हजारों लोकांच्या देखत तूं त्या रेषापंचाला खजील केलेंस, खेळाडू असून पंच होऊन बसलास, याला खिलाडूपणा म्हणत नाहींत, अशा अर्थाची ती कानउघाडणी होती. ही हकीकत पुढें बजनेंच सांगितली आहे.

पंचांचा मान इतक्या कसोशीनें राखणारा हा माणूस आमच्या स्नेह्यांच्या पंथाचा दिसतो खरा. पण अवघ्या कांहीं आठवड्यांनीं त्याच विंबल्डनवर डेव्हिस चषकासाठीं जर्मनी व अमेरिका यांची गांठ पडली. दुहेरी सामन्यांत क्राम व काय लुंड ही जोडी विजयापासून एकाच गुणाच्या अंतरावर येऊन ठेपली होती. लुंडनें चेंडू मारला, तो परत आला नाहीं, व सामना जर्मनीचा झाला असें सर्वांस वाटलें. तेव्हां क्रामनें पुढें होऊन पंचांना सांगितलें कीं, लुंडनें मारण्यापूर्वीं चेंडू माझ्या रॅकेटला चाटून गेला होता. तो स्पर्श दुसऱ्या कोणाच्याहि लक्षांत आला नव्हता. गुण अमेरिकेच्या जोडीला मिळाला. तो सामना जर्मनीनें गमावला व ती लढतहि गमावली. आपण देशाला दगा दिला असा ठपका क्रामवर त्याच्याच गोटांतून आला; आणि त्याला ज्या देशांत परतावयाचें होतें तो १९३५ चा जर्मनी होता, हें विसरूं नये. त्यानें आपल्या कृतीची माफी मागितली नाहीं.

या दोन प्रसंगांत विसंगति पाहणाऱ्यानें पुन्हां एकदां विचार करावा. रेषेचा निर्णय रेषापंचाचा होता; त्यांत बजनें परस्पर दुरुस्ती केली, म्हणून क्राम रागावला. स्पर्श मात्र क्रामलाच ठाऊक होता. तो त्यानें सांगितला आणि निर्णय पंचांवर सोडला. न्यायासनाचा मान त्यानें दोन्ही वेळां सारखाच राखला. जो साक्षीदार सत्य दडवितो, तो न्यायाधीशाचा मान राखीत नसतो. तो त्याला फसवीत असतो.

हें सारें सरदार-उमरावांच्या काळीं शोभत होतें, असें म्हणून कोणी हात झटकील. म्हणून धंदेवाईक टेनिसमधलीं उदाहरणें देतों. १९८२ मध्यें पॅरिस येथें सतरा वर्षांचा स्वीडिश मुलगा मॅट्स विलांडर अर्जेंटिनाच्या होसे-लुइस क्लेर्कविरुद्ध उपांत्य सामना खेळत होता. शेवटच्या गुणावर क्लेर्कचा फटका बाहेर ठरविण्यांत आला व विलांडर विजयी झाला. पण चेंडू आंत पडला होता असें विलांडरला वाटलें, आणि अशा तऱ्हेनें मिळालेला विजय नको म्हणून त्यानें तो गुण पुन्हां खेळण्याची परवानगी पंचांकडे मागितली. ती मिळाली. तो गुणहि त्यानेंच जिंकला, आणि पुढें ती स्पर्धाहि जिंकली. २००५ मध्यें रोम येथें अमेरिकेचा अँडी रॉडिक याला इतकें सुदैव लाभलें नाहीं. स्पेनच्या फर्नांडो वर्दास्कोविरुद्ध पहिला सेट त्यानें जिंकला होता, दुसऱ्यांत तो ५-३ असा पुढें होता, आणि वर्दास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर ठरल्यामुळें सामनाच संपला होता. तेथील मैदान लाल मातीचें; तेथें चेंडूची खूण उमटते. ती खूण रेषेवर आहे असें रॉडिकनें पंचांच्या नजरेस आणलें, निर्णय फिरला, खेळ पुढें चालू झाला, आणि रॉडिक तो सामना हरला. येथें प्रश्न रेषेचा असूनहि क्रामची शिकवण मोडली गेली नाहीं. रॉडिकनें गुण मुद्दाम घालविला नाहीं. खूण दाखविली, आणि निर्णय पंचांनीं बदलला.

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. २००३ मध्यें पॅरिस येथें उपांत्य सामन्याच्या निर्णायक सेटमध्यें सेरेना विल्यम्स बेल्जियमच्या जस्टिन हेनिनविरुद्ध ४-२ व ३०-० अशी पुढें होती. सेरेना सर्व्हिस करीत असतां हेनिननें, आपण अद्याप तयार नाहीं अशी खूण करण्यासाठीं, हात वर केला. सेरेनाची सर्व्हिस जाळ्यांत गेली. तो वर झालेला हात पंचांनीं पाहिला नव्हता. पहिली सर्व्हिस पुन्हां मिळावी असें सेरेनाचें म्हणणें होतें. पंचांनीं तें मान्य केलें नाहीं. आणि ज्या एका व्यक्तीच्या एका शब्दानें तो प्रश्न मिटला असता, ती व्यक्ति जाळ्यापलीकडे गप्प उभी राहिली. हेनिननें तो सेट ७-५ असा जिंकला व पुढें विजेतेपदहि मिळविलें. त्या एका सर्व्हिसनें सामना फिरला असें मी म्हणत नाहीं; तसें कोणालाच सिद्ध करतां येणार नाहीं. हेनिन ही थोर खेळाडू होती, याबद्दलहि वाद नाहीं. पण आपण हात वर केला होता ही गोष्ट तिनें उघडपणें कबूल केली ती २०११ मध्यें, खेळांतून निवृत्त झाल्यावर. ज्या एका शब्दाला त्या दिवशीं मोल होतें, तो आठ वर्षांनीं उच्चारला गेला, तेव्हां त्यानें कोणाचाहि गुण परत मिळणार नव्हता. धर्मराजाचा जमिनीला न टेंकणारा रथ एका अर्धवट सत्यानें खालीं आला, अशी आपल्याकडे कथा आहे. मौनाचेंहि वजन कांहीं कमी नसतें.

प्रतिपक्षाचा सर्वांत जड आक्षेप पोटापाण्याचा आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. क्राम व बज हे हौशी खेळाडू होते. १९६८ पासून मोठ्या स्पर्धांचीं दारें धंदेवाईक खेळाडूंना उघडलीं, आणि आज टेनिस हा चरितार्थ झाला आहे. वरच्या मूठभरांना सोडलें तर बाकीच्या खेळाडूंना प्रवासखर्च, शिक्षकाचें वेतन व पुढच्या स्पर्धेंतील प्रवेश यांची विवंचना असते. त्यांना क्रामचा दाखला देणें हें पोट भरलेल्यानें उपाशी माणसाला उपवासाचें माहात्म्य सांगण्यासारखें आहे, असें म्हणतात. हौशी काळाचे गोडवे मलाहि गावयाचे नाहींत. हौशी म्हणविणाऱ्यांना त्या काळीं आंतून पैसे मिळत हें उघड गुपित होतें, आणि गरीब घरच्या मुलाला त्या हिरवळीवर सहसा जागा नव्हती. पण आक्षेप घेणारे एक गोष्ट पाहत नाहींत. गप्प राहून जें बक्षीस मिळतें, तें कोण्या कुबेराच्या खजिन्यांतून येत नाहीं. तें जाळ्यापलीकडे उभ्या असलेल्या आणि तितक्याच गरजू असलेल्या माणसाच्या ताटांतून येतें. शिवाय, पैसे घेतल्यानें सचोटीचें बंधन सैल होतें हा न्याय आपण दुसऱ्या कोणत्या धंद्याला लावतों? औषधाची मात्रा चुकल्याचें वैद्याला उमगलें, किंवा हिशेबांत गफलत झाल्याचें हिशेबनीसाला कळलें, तर 'तपासनीसाच्या लक्षांत आलें नाहीं' एवढ्यावर आपण त्यांना मोकळें सोडीत नाहीं. धंद्याला प्रतिष्ठा येते ती याच बंधनानें.

दुसरा आक्षेप हिशेबी लोकांचा आहे. आज पंचांच्या चुकीनें मला मिळालें, उद्यां प्रतिस्पर्ध्याला मिळेल. वर्षाअखेर जमाखर्च बरोबर होतो. पंचांच्या चुकांपुरतें हें कदाचित् खरें असेल, कारण चूक आंधळी असते व ती कोणाचाहि पक्ष घेत नाहीं. पण जाणूनबुजून राखलेलें मौन आंधळें नसतें. तें नेहमीं राखणाऱ्याच्याच बाजूचें असतें. दोन खेळाडूंपैकीं एक आपला दोष सांगतो व दुसरा दडवितो, अशा स्थितींत सांगणाऱ्याचें दोन्हींकडून नुकसान होतें. म्हणून ज्याला हा जमाखर्च खरोखर बरोबर व्हावा असें वाटतें, त्यानें सर्वांनींच सांगावें असा आग्रह धरला पाहिजे. कोणींच सांगूं नये असा नव्हे.

तिसरा पक्ष यंत्रवाद्यांचा. सदसद्विवेकाची ही सगळी कटकट यंत्र लवकरच मिटवील, मग उपदेश कशाला, असें ते विचारतात. यंत्रानें पुष्कळ केलें आहे यांत शंका नाहीं. अमेरिकन खुल्या स्पर्धेंत २०२३ मध्यें चित्रफीत पाहून दाद मागण्याची सोय झाली. विंबल्डननें २०२५ मध्यें १४७ वर्षांची परंपरा संपवून रेषापंचांना निरोप दिला. आणि त्याच वर्षीं विंबल्डनच्या मुख्य मैदानावर सोने कार्ताल व अनास्तासिया पाव्ल्युचेन्कोव्हा यांच्या सामन्यांत कार्तालचा चेंडू उघड उघड बाहेर पडला असतां यंत्र मुकें राहिलें, कारण तें चुकून बंद करण्यांत आलें होतें. तो गुण पुन्हां खेळविण्यांत आला. यंत्र बंद पडूं शकतें, हा येथें माझा मुख्य मुद्दा नाहीं; तें दुरुस्तहि होतें. रेषेचा प्रश्न यंत्रानें खुशाल सोडवावा. पण जसजशी रेषा यंत्राकडे गेली, तसतसा खेळाडूच्या सचोटीसाठीं उरलेला प्रांत म्हणजे स्पर्शाचा. आणि नेमक्या त्याच प्रांतांत, पकडला गेलों नाहीं तोंवर निर्दोष, ही वृत्ति रुजूं दिली, तर ज्या दिवशीं यंत्र नसेल आणि ज्या मैदानावर यंत्र नसेल, तेथें खेळ कोणाच्या भरंवशावर चालावयाचा? जगांतले बहुतेक टेनिसचे सामने यंत्राविना, आणि खुर्चीवर पंच नसतांहि, रोज खेळले जातात.

त्या पंचाविना होणाऱ्या सामन्यांकडेच मी या धंदेवाईकांचें लक्ष वेधूं इच्छितों. अमेरिकेच्या टेनिस संघटनेनें अशा सामन्यांसाठीं आचारसंहिता केलेली आहे. चेंडू आपल्या अंगाला लागला, आपण जाळ्याला शिवलों, किंवा दोन टप्पे पडल्यावर चेंडू मारला, तर खेळाडूनें आपण होऊन गुण सोडावा, असें ती सांगते. म्हणजे रविवारीं सकाळीं खेळणाऱ्या कारकुनावर जें बंधन आहे, तें लाखों डॉलर घेणाऱ्या निष्णातावर नाहीं! पंच खुर्चीवर येऊन बसला तो सत्याला मदत म्हणून. सत्याच्या बदलीं नव्हे. म्हणून माझी मागणी साधी आहे. स्पर्शाविषयीं शंका आली असतां पंचांनीं खेळाडूला उघडपणें विचारावें. त्यानें 'झालें', 'झालें नाहीं' किंवा 'मला ठाऊक नाहीं' यांपैकीं एक उत्तर द्यावें. आणि उत्तर जाणूनबुजून खोटें दिल्याचें पुढें सिद्ध झालें, तर रॅकेट आपटल्याबद्दल जो दंड होतो त्याहून मोठा दंड व्हावा. लांकूड मोडणाऱ्याला शासन आणि विश्वास मोडणाऱ्याला टाळ्या, हा न्याय उलटा आहे. आणि जे समालोचक अशा मौनाला 'अनुभवी खेळाडूचें चातुर्य' म्हणून गौरवितात, त्यांनीं निदान शब्द तरी नीट वापरावे.

असें वागल्यास विजय हातचे जातील, हें मी नाकारीत नाहीं. आपल्या मुंबईनेंच तें पाहिलें आहे. फेब्रुवारी १९८० मध्यें वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या कसोटी सामन्यांत बॉब टेलर झेलबाद दिला गेला असतां कर्णधार गुंडप्पा विश्वनाथनें पंचांना सांगून त्याला परत बोलाविलें. टेलर व बोथम यांनीं १७१ धावांची भागीदारी केली, आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला. त्या दिवशींचा जय गेला; पण आपल्या क्रिकेटमध्यें ज्या पराभवांची आठवण लाज न वाटतां सांगतां येते, त्यांत त्या पराभवाची गणना होते.

आमच्या वकील स्नेह्यांच्या मुलाचे ते दोन गुण अद्याप तसेच आहेत. बाईंना सांगावयास जा, असें वडिलांना त्याला सांगावेंसें वाटतें. पण सामना पाहतांना आपणच उच्चारलेलें वाक्य त्यांच्या घशांत अडकतें. त्यांनीं आधीं तें वाक्य मुलासमोर परत घ्यावें. मुलगा शाळेंत जाईल.